बँडस्टँडच्या खडकांतली सतरा सेंटिमीटरची पायरी

मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांत एक पायरी आहे. फूटपट्टी लावून मोजली आहे मी: सतरा सेंटिमीटर. माझ्या रिमोटच्या खेळण्यातल्या ट्रकचं चाक टायरसकट बारा सेंटिमीटरचं, म्हणजे पायरी जवळपास दीड चाक उंच आणि चांगलीच उभी. डाव्या अंगाला दोन बोटं मावतील एवढी एक चीर आहे, आधार काय तो तेवढाच. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ट्रक या पायरीसमोर उभा केला, रिमोटचा ट्रिगर दाबला आणि तो मागच्या मागे उलटून टपावर आपटला. मार्चमध्ये तो वर गेला. त्याआधी आणि मधल्या चार महिन्यांत काय काय केलं ते नीट लिहून ठेवते आहे, कारण हे मराठीत वाचायला मिळालं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

मी दादरच्या एका डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे, एकवीस वर्षं झाली. कवळ्या, कॅप, ब्रिज हे माझं रोजचं काम. ट्रक मुळात माझा नव्हे, भाच्याचा. दहावी झाल्यावर त्याला घेऊन दिलेला, एकास दहा प्रमाणातला, बॅटरीवर चालणारा, रिमोटचा. वर्षभर त्याने तो सोसायटीच्या आवारात पळवला, मग बारावीचे क्लास सुरू झाले आणि ट्रक माळ्यावर गेला. दिवाळीच्या साफसफाईत बहिणीने तो खाली काढला. ‘मावशी, तूच घेऊन जा, तुझ्याकडे सगळी हत्यारं आहेत,’ असं भाचा म्हणाला. खरंच होती. मायक्रोमोटर, कार्बाइड बर, बारीक चिमटे, मेण कोरायच्या सुऱ्या. मी सहज म्हणून खालचा भाग बघितला. पुढे-मागे अखंड ॲक्सल, शिडीसारखी चासी, प्रत्येक ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या चार दांड्या, म्हणजे लिंक. पळवायला नव्हे, चढायलाच बनवलेला ट्रक होता तो.

खडक चढण्याचा खेळ मोठ्या गाड्यांचा, अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ट्रेल, युटामधलं मोआब, अशा ठिकाणी लोक जीप घेऊन माणसाच्या चालण्याहूनही सावकाश दगड चढतात. रिमोटच्या गाड्यांत तो आणला हौशी लोकांनी. तामिया या जपानी कंपनीने १९८७ मध्ये क्लॉड बस्टर नावाचा मॉन्स्टर ट्रक काढला. त्याच्या दोन्ही ॲक्सलवर एकेक स्वतंत्र मोटर होती आणि चारही चाकं वळायची. लोकांनी ते ॲक्सल ठेवले, बाकीचं उतरवलं आणि त्यांवर स्वतःच्या चासी बांधल्या. कंपन्यांनी तयार क्रॉलर, म्हणजे खडक चढणारे ट्रक, विकायला घेतले ते पुढे. हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. म्हणजे हा खेळ पहिल्यापासून कुणाच्या तरी कामाच्या टेबलावरच घडलेला.

पहिलं काम डिफरन्शियलचं. रस्त्यावर वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही व्यवस्था. खडकावर हीच नडते. एक चाक हवेत लोंबकळलं की फिरणं सगळं त्याच चाकाकडे जातं आणि जे चाक दगडाला टेकलेलं आहे ते ढिम्म उभं राहतं. उपाय साधा आहे, आतले छोटे गिअर जाम करायचे. ॲक्सल उघडला, क्राउनला, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राला, जोडलेली डिफरन्शियलची डबी बाहेर काढली. आत काळं पडलेलं ग्रीस होतं. गिअर ॲसिटोनमध्ये ब्रशने तीनदा धुतले, कारण तेलाचा ओशटपणा जरा जरी राहिला तर पुट्टी धरत नाही. मग एम-सीलचे दोन्ही भाग कणकेसारखे मळले आणि मेण कोरायच्या सुरीने दातादातांच्या फटीत दाबत गेले. कॅपचं मेण भरताना आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नसतो, तो हात इथे कामी आला. क्राउनच्या बाहेरच्या दातांवर लागलेला कण न कण सुकायच्या आत पुसून काढला. रात्रभर तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक लादीवर वळवला तर टायर करकरत घसटले आणि वळायला पूर्वीच्या दीडपट जागा लागली. दोन्ही डिफरन्शियल बांधली की हे होणारच. पण उशीच्या कडेला एक चाक अधांतरी ठेवून ट्रिगर दाबला, तर बाकीच्या तिघांनी ट्रक ओढून वर नेला. त्या रात्री मी तो उशीवरून किती वेळा नेला ते मोजलं नाही.

पुट्टीचं आयुष्य तीन महिने निघालं. फेब्रुवारीत एका चढावर पुढून ‘कट्’ असा आवाज आला. उघडलं तर पुट्टीचा भुगा ग्रीसमध्ये मिसळून वाळूसारखा झालेला. मग पुढच्या ॲक्सलला डिफरन्शियलच्या जागी पोलादाचा एकसंध तुकडा, म्हणजे लॉकर, बसवला. मागची पुट्टी अजून शाबूत आहे, कारण वळतानाचा पीळ पुढच्या ॲक्सलवर जास्त येतो. नव्याने करणाऱ्याला माझं सांगणं आहे, पुढे थेट पोलादच घाला.

मग मोटर. ट्रकमध्ये ५४० मापाची ब्रशवाली मोटर होती, २७ टर्नची. टर्न म्हणजे आतल्या रोटरच्या प्रत्येक दांड्यावर तारेचे किती वेढे आहेत ते. वेढे कमी तर मोटर जास्त पळते, वेढे जास्त तर फेरे कमी आणि तेवढ्याच करंटला जोर जास्त. मी ५५ टर्नची घातली. शिवाय मोटरच्या दांड्यावरचा पंधरा दातांचा पिनियन, म्हणजे छोटा गिअर, काढून अकरा दातांचा लावला. मोठा गिअर सत्त्याऐंशी दातांचा. आधी मोटरचे ५.८ फेरे म्हणजे मोठ्या गिअरचा एक फेरा होता, आता ७.९ लागतात. आवारात सुसाट जाणारा ट्रक आता माझ्या बरोबरीनेही चालत नाही. बदल्यात ट्रिगर केसभर दाबला तर चाक केसभरच सरकतं. खडकावर पैसा वसूल होतो तो या केसभराचा.

पिनियन बदलला की दोन गिअरमधली फट नव्याने ठरवावी लागते. फट कमी राहिली तर मोटर तापते, जास्त राहिली तर दात झिजतात. लोक कागदाची पट्टी मध्ये घालून मोटर घट्ट करतात. माझ्या टेबलावर आर्टिक्युलेटिंग पेपर असतो. नवी कॅप बसवल्यावर डॉक्टर दातांत निळा कागद धरायला देतात आणि चावा म्हणतात, तोच. दात जिथे उंच लागतो तिथे निळा डाग पडतो. त्यातली जाड पट्टी, २०० मायक्रॉनची, मी दोन गिअरमध्ये घातली, मोटर त्यावर टेकवून स्क्रू आवळले आणि गिअर हाताने फिरवून पट्टी बाहेर काढली. कागदाला घड्या पडल्या होत्या, त्या बरोबर होत्या. पण भिंगातून दात बघितले तर निळा रंग फक्त बाहेरच्या अर्ध्या भागावर होता, आतला अर्धा पांढराच. म्हणजे पिनियन दातांच्या पूर्ण रुंदीला टेकत नव्हता, मोटर किंचित तिरकी बसली होती. मोटरच्या पट्टीखाली एका बाजूला पातळ वॉशर घातला, पुन्हा कागद, पुन्हा भिंग. तिसऱ्या खेपेला निळा रंग काठापासून काठापर्यंत आला. त्यानंतर आजपर्यंत तो गिअर झिजलेला नाही. साध्या कागदाने हे कळलं नसतं.

एवढं करून डिसेंबरात पहिल्यांदा बँडस्टँडला गेले आणि उलटले, ते वर सांगितलंच. घरी येऊन विचार केला तेव्हा दिसलं की ताकद पुरेशी होती. उलटायला लावलं ते वजनाने.

ट्रक लॅबच्या काट्यावर तोलला. एका काट्यावर पुढची चाकं, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर, मग उलट. एकूण २,४०० ग्रॅम, त्यातले पुढे ११८०. निम्म्याहून किंचित कमी. सपाटीवर हे ठीक आहे. चढावर नाक वर झालं की भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि उभ्या पायरीवर तर ती भिंत सोडूनच देतात. मग ट्रक मागे पडणार नाही तर काय करेल? वर टपावर टणक प्लास्टिकची बॉडी, त्यावर सामानाची जाळी, जाळीत खोटे डबे, खोटं फावडं. सगळं वजन नको तिथे.

पहिल्यांदा जाळी आणि डबे उतरवले. भाच्याला ते आवडायचे, म्हणून त्याला विचारूनच. मग बॉडी बदलून लेक्झान या हलक्या प्लास्टिकची पातळ बसवली, आतून रंगवलेली. बॅटरी मागच्या ॲक्सलवर आडवी होती, ती पुढे, ॲक्सलच्या जेवढी जवळ खाली जाईल तेवढी नेली. त्यासाठी चासीच्या दोन आडव्या पट्ट्या कापून नव्या केल्या.

आणि चाकांत वजन घातलं. भांडुप स्टेशनजवळ टायरचं दुकान आहे, तिथे व्हील बॅलन्सिंगला लावतात त्या चिकट पट्ट्या मिळतात, पाच-पाच ग्रॅमचे तुकडे जोडलेल्या. दुकानदाराने विचारलं, ‘ताई, गाडी कुठली?’ मी पिशवीतून चाक काढून दाखवलं. त्याने ते हातात घेऊन फिरवून बघितलं, पोराला हाक मारून दाखवलं आणि पट्ट्या स्वतः मोजून कापून दिल्या. पुढच्या प्रत्येक चाकात रिमच्या आतून गोल फिरवून नव्वद ग्रॅम लावले, मागच्यांत तीस-तीस. चाकातलं वजन स्प्रिंगच्या खाली, जमिनीपासून सगळ्यात जवळ असतं, म्हणून तिथला एक ग्रॅम बॉडीतल्या कितीतरी ग्रॅमना भारी पडतो. उरलेलं पितळेने केलं. पायधुनीच्या तांबाकाट्यावरून पितळेचा गोल दांडा आणला आणि कुर्ल्याच्या एका लेथवाल्या काकांकडून पुढच्या ॲक्सलच्या टोकांना बसतील अशा दोन रिंगा कापून घेतल्या. पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, त्यामुळे लहान जागेत मोठं वजन बसतं. काकांनी मजुरी घेतली नाही. ‘चढला की व्हिडिओ पाठवा,’ एवढंच म्हणाले.

आता ट्रक २,९०० ग्रॅमचा आहे, पुढे १६९०. शंभरातले अठ्ठावन्न पुढे, बेचाळीस मागे. हे आकडे मी लॅबच्या जुन्या ऑर्डर बुकच्या मागच्या पानांवर लिहीत गेले आणि प्रत्येक बदलानंतर तोलून नवा आकडा खाली मांडला. वजन वाढवलं आणि ट्रक जास्त चढायला लागला, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत माझा विश्वास नव्हता.

पण जड चाकं वळवायला सर्वोला, म्हणजे स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरला, जड जातात. मूळ सर्वोचे आतले गिअर प्लास्टिकचे होते. जानेवारीत पुढचं चाक दोन दगडांत अडकलेलं असताना मी स्टिअरिंग फिरवलं आणि आत काहीतरी करकरून सुटलं. तीन दात साफ तुटले होते. पंचवीस किलोचा, धातूच्या गिअरचा सर्वो आणला. पंचवीस किलो म्हणजे मधल्या दांड्यापासून एक सेंटिमीटरवर तेवढा जोर. तो बसवला तर नवंच दुखणं सुरू झालं. जोर लावून वळवलं की ट्रक क्षणभर मेल्यासारखा व्हायचा, मग पुन्हा जिवंत. दोन रविवार रिमोटचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरवर संशय घेण्यात गेले. खरं कारण असं की सर्वोला वीज मिळते ती मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या आतल्या छोट्या पुरवठ्यातून. मोठा सर्वो अडला की एवढा करंट ओढतो की व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. लॅमिंग्टन रोडवरून जोडणीचं सामान आणलं, बॅटरीवरून थेट सहा व्होल्टचा वेगळा बीईसी, म्हणजे ठरावीक व्होल्टेज देणारा छोटा पुरवठा, सर्वोला दिला, तेव्हा तो प्रश्न मिटला. मोठा सर्वो घेणाऱ्याने बीईसी त्याच दिवशी घ्यावा.

शॉक्सबद्दल थोडक्यात. स्प्रिंग मऊ घातल्या, इतक्या की ट्रक उभा असताना शॉक अर्धे दबलेले राहतात. त्यामुळे खड्डा आला की चाक खाली उतरून जमीन शोधतं आणि बॉडी बसकी राहते. बाकी लिंक, ॲक्सलचे कोन यांत मी फार शिरले नाही. मुळात होतं ते चांगलं होतं.

टायरमध्ये मात्र शिरावं. टायरच्या आत स्पंज असतो, हवा नव्हे. रबर मऊ असलं तरी स्पंज टणक असेल तर टायर दगडाला मिठी मारत नाही. मी स्पंज बाहेर काढून त्याच्या दोन्ही कडा कात्रीने तिरक्या छाटल्या आणि रिमला दोन भोकं पाडली, म्हणजे दाब आला की आतली हवा निघून जाते. बीडलॉक रिम असल्यामुळे टायर चिकटवलेला नसतो, दोन रिंगांमध्ये स्क्रूने आवळलेला असतो. म्हणूनच एवढ्या वेळा उघडता आला. एका चाकाचे स्क्रू काढून पुन्हा बसवायला मला पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटं लागतात.

सराव घरीच. लॅबमध्ये रोज प्लास्टरची मॉडेल टाकून दिली जातात, काम झालेली. ती मी पोत्यात भरून आणली, ओबडधोबड फोडली आणि ओल्या डेंटल स्टोनमध्ये, म्हणजे लॅबच्या टणक प्लास्टरमध्ये, बसवून गॅलरीत तीन खडक केले. जवळून बघितलं तर एखाद्या कड्यात कुणाच्या तरी दाढा दिसतात. त्यांच्यावर आइसक्रीमच्या काड्या उभ्या करून मी आणि भाचा दरवाजे करतो. काडीला धक्का लागला तर दहा गुण चढतात, रिव्हर्स घेतला तर एक. ज्याचे गुण कमी तो जिंकतो. या खेळाच्या स्पर्धांतही हिशोब साधारण याच धर्तीचा असतो. रिव्हर्सचा एक गुण माणसाला फार शिकवतो. तो नसता तर मी दर वेळी मागे येऊन जोरात धडक दिली असती. आता थांबते, स्पीड कंट्रोलरचा ड्रॅग ब्रेक पूर्ण ठेवलेला असतो म्हणून ट्रक चढावरही जागच्या जागी थांबतो, आणि मग खाली बसून बघते: कोणतं चाक टेकलंय, कोणतं नाही, पोट कुठे लागलंय.

बॅटरी दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर), ७.४ व्होल्ट, पूर्ण भरली की ८.४. सेलमागे ३.३ च्या खाली ती जाऊ देत नाही आणि आठवडाभर चालवायची नसेल तर सेलमागे ३.८ वर आणून ठेवते. चार्जिंग गॅलरीत, रिकाम्या मातीच्या कुंडीत, शेजारी बसून. ही बॅटरी पेटली तर लवकर विझत नाही, म्हणून चार्जिंगला लावून झोपणं आमच्या घरात बंद आहे.

आता बँडस्टँड. मुंबईत खडक पुष्कळ आहेत, पण बहुतेक कुंपणाआड किंवा इमारतींच्या पोटात. बँडस्टँडचे मात्र ओहोटीला उघडे पडतात. लाव्हाचा काळा पाषाण, सहा कोटी वर्षांहून जुना, हाताला खरखरीत. कोरडा असला तर टायर असा धरतो की बघत राहावं. ओला आणि शेवाळलेला असला तर काहीच धरत नाही. मध्ये मध्ये कालवांची टरफलं चिकटलेली असतात, ती टायरच्या बाजूंना पात्यासारखी कापतात. तिकडे न्यायचंच नाही. जायचं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, कारण तेव्हा ओहोटीलाही पाणी सगळ्यात लांब जातं. भांगाच्या दिवसांत माझी पायरी पुरती उघडी पडत नाही. तेव्हा भरतीचं कोष्टक बघायचं, त्यात रविवार गाठायचा आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठून कुठे आहे तेही बघायचं. भांडुपहून दादर, दादरहून वांद्रे, पुढे बस. ट्रक पाठीवरच्या सॅकमध्ये, चाकं वर करून.

खारं पाणी मात्र निर्दय आहे. जानेवारीत एकदा घरी यायला उशीर झाला, पाहुणे आले होते, ट्रक तसाच सॅकमध्ये राहिला. तिसऱ्या दिवशी चाकं हाताने फिरेनात. चार बेअरिंग गंजून घट्ट बसली होती, मोटरच्या तारांच्या जोडावर हिरवी पूड चढली होती. नागदेवीला जाऊन ५ बाय ११ बाय ४ मापाची बेअरिंग आणली, सगळीच बदलली. आता घरी आल्यावर पहिल्यांदा बादलीभर गोडं पाणी, मग हेअर ड्रायर, मग प्रत्येक बेअरिंगला ग्रीस. माझा चहा त्यानंतर.

मार्चातल्या त्या रविवारी भाचा बरोबर होता, परीक्षा संपली होती त्याची. पाणी बरंच आत गेलं होतं, पायरी कोरडी. मी डावं पुढचं चाक चिरेत घातलं. टायर आत दबला आणि धरून राहिला. ट्रिगर केसभर. उजवं चाक भिंतीवर घासत घासत वर निघालं. डिसेंबरात नेमकं इथेच ते भिंत सोडून मागे गेलं होतं. या वेळी चिकटून राहिलं. नाक वर गेलं, इतकं की मला खालून मोटरची पट्टी दिसली. पुढची चाकं कडेवर आली, मग पोट कडेला टेकलं आणि ट्रक थांबला. पुढची चाकं वर, मागची दोन पायरीच्या बुडाशी, मध्ये पोटावर तोललेला. मी हात काढून घेतला. ब्रेकने तो तसाच धरून ठेवला.

‘मावशी, रिव्हर्स घे,’ भाचा म्हणाला. मी घेतला नाही. स्टिअरिंग किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे केलं, त्यासरशी पुढची चाकं दगडावर रांगल्यासारखी हलली आणि पोट एका बोटाएवढं पुढे सरकलं. मागची चाकं भिंतीला लागली. आता सगळं पुढच्या वजनावर होतं, त्या एकशे ऐंशी ग्रॅम पट्ट्यांवर आणि काकांच्या दोन रिंगांवर. ट्रिगर तसाच धरून ठेवला. मागचं उजवं चाक दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा धरलं, आणि नाक जडपणे खाली टेकलं. ‘टक्’. चारही चाकं वर.

मी किंचाळले असेन, कारण बाजूच्या कठड्यावर बसलेलं जोडपं वळून बघायला लागलं. व्हिडिओ भाच्याने काढला होता, तो तिथूनच लेथवाल्या काकांना पाठवला.

मग भाच्याने रिमोट मागितला. पाणी परत फिरलं होतं, अर्धा तास हाताशी होता. पहिल्यांदा त्याने सवयीने ट्रिगर पूर्ण दाबला आणि ट्रक उलटला. दुसऱ्यांदा चाक चिरेतून निसटलं. पाचव्यांदा पोटापर्यंत पोहोचला आणि तिथून मागे आला. खालच्या दगडाला लाट लागली तेव्हा आम्ही आवरलं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. ट्रक मांडीवर घेऊन तो एक चाक फिरवत बसला होता, आतल्या पट्ट्या बोटाने मोजत. माटुंगा गेल्यावर म्हणाला, ‘मागच्या चाकांतले दहा-दहा ग्रॅम काढून पुढे घातले तर?’ मी ऑर्डर बुक काढलं आणि पेन त्याच्याकडे दिलं.